चाळलेली राख

हवा अशी कुंद झाली होती की कुंभाराच्या घरात काही म्हणता काही वाळेना. ओसरीवर ओळीने मांडलेल्या कुंड्या वाळेनात, भट्टीसाठी रचलेलं जळण वाळेना, आणि दोरीवरची लंगोटं तर सकाळी घातली तशीच संध्याकाळी हाताला गार लागायची. पाऊस म्हणावा तर धड पाऊस नाही, ऊन म्हणावं तर त्याचा पत्ता नाही, नुसती भुरभुर. एरवी ह्या दिवसांत अंगणात पाय ठेवला तर पोळायचा. घरातला थोरला भाऊ रोज सकाळी आभाळाकडे बघून एक शिवी हासडायचा आणि चाकावर बसायचा. रोपवाल्याला टेंपोभर कुंड्या द्यायच्या होत्या, आणि त्याने तोंडावर सांगून ठेवलं होतं, "ह्या खेपेला उशीर झाला तर मी प्लास्टिकच्या घेणार. रोपाला कुठे कळतंय?"

ह्या सगळ्या ओलीत घरात एक पोर जन्माला आलं होतं, धाकट्या सुनेचं. आणि त्याची नाळही वाळत नव्हती.

धाकटीचं माहेर शिंप्याचं. शिंप्याच्या घरात वाढलेल्या पोरीला सुईदोरा कळतो, चिखल कळत नाही. लग्न होऊन आली तेव्हा तिने मोठ्या हौसेने चाकावर हात ठेवला होता. मडकं वर चढायच्या आतच एका बाजूला कलंडलं, आणि दीर, नवरा, सासू सगळे पोट धरून हसले. थोरली जाऊ तेवढी हसली नाही. तिने मागून येऊन नुसता हात लावला आणि कलंडलेलं मडकं उभं केलं. त्या हसण्यापेक्षा धाकटीला हेच जास्त लागलं. पुढे तिने कुंड्यांना उचलायचे कानही जोडून बघितले. तिने जोडलेले कान तडकायचे, थोरलीचे टणटणीत निघायचे. शेवटी म्हाताऱ्या सासूने तिला राखेवर बसवलं.

आता राखेचं काम म्हणजे हलकं काम असं कोणाला वाटेल. पण ओल्या मातीला ठोकायची लाकडी थापी चिकटू नये म्हणून तिच्यावर राख भुरभुरावी लागते. कान जोडला की तो जोड बाकीच्या कुंडीपेक्षा उशिरा वाळतो, तिथेही चिमूटभर राख टाकली की ती ओल ओढून घेते. राखेत खडा राहिला तर कुंडीवर ओरखडा. धाकटी राख दोनदा चाळणीतून काढायची आणि मग माहेरून आणलेल्या जुन्या मलमलीतून. चिमटीत धरली तर आहे की नाही कळू नये अशी. "राख चाळावी तर हिने," असं थोरला चार माणसांत म्हणायचा. अख्ख्या घरात तिच्या नावावर तेवढंच होतं.

मग पोर झालं. पहिल्याच खेपेला, अख्खं, कुठे तडा नाही. म्हातारीने उचललं आणि म्हणाली, "मडकं आहे आमचं, पक्कं भाजलेलं!" तेव्हापासून त्याला सगळे मडकंच म्हणायला लागले. धाकटीला वाटलं, चला, हे माझं. ह्याला कोणी मागून हात लावून सरळ करायला नको. पण कसलं काय! तिला ताप भरला, टाक्यांमुळे धड बसता येईना, आणि नर्सबाई पोराला कसं ठेवायचं ते शिकवायला आली तेव्हा तिच्यासमोर उभी कोण, तर थोरली.

"नाळ गळून पडेपर्यंत पाण्यात बसवून अंघोळ नाही," नर्सबाई सांगत होती. "कोमट पाण्यात कपडा पिळून अंग पुसायचं. हात आधी साबणाने कोपरापर्यंत धुवायचे, नखं कापायची. लंगोट बेंबीच्या खाली बांधायचं, वर घासता कामा नये. आणि बेंबीला काही लावायचं नाही. तेल नाही, पावडर नाही, कोणी सांगितलेलं काहीही नाही. कोरडी ठेवायची, बस. आपोआप गळते."

थोरलीने ते सगळं असं ऐकलं की जणू तिला कोणी मोठ्ठं कंत्राट दिलंय. त्याच दुपारी तिने नखं मुळापासून कापली. हातातल्या बांगड्या काढून कोनाड्यात ठेवल्या. तिची स्वतःची मुलगी मोठी होऊन बाहेरगावी शिकायला गेली होती. इतक्या वर्षांनी हातात तान्हं आलं आणि बाईच्या चालण्यात फरक पडला.

सकाळी पहिल्या घाण्याची माती मळून झाली की ती मोरीत जायची. साबण, पाणी, पुन्हा साबण. कोपरापर्यंत फेस. धाकटी अंथरुणातून बघत असायची. मग थोरली दाराला पाठ लावून वारा अडवायची आणि पोराला मांडीवर घ्यायची. उकळून गार केलेल्या पाण्यातला वेगळा कपडा डोळ्यांना, आतून बाहेर, एका डोळ्याला एक कोपरा, दुसऱ्याला दुसरा. मग मानेच्या वळ्या, काखा, जांघा. पोराच्या मुठी उघडून बोटांमधला मळही काढायची. आणि सबंध वेळ तोंडाने काहीतरी बडबड. "काय रे मडक्या? मान कुठे ठेवलीस? ही बघ, ही सापडली. आणि ह्या मानेत काय लपवलंस? दूध? चोरा!"

पोर टक लावून तिच्या तोंडाकडे बघत राहायचं. हूं नाही की चूं नाही.

तेच धाकटीने घेतलं की मान कुठे धरू, पाय कुठे धरू करता करता ते असं किंचाळायचं की चाकावरून नवरा ओरडायचा, "अगं, वहिनीकडे दे ना त्याला!" वहिनीकडे दे. जसं काही तिने दुसऱ्याचं आणलेलं पोर होतं. तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पाजायला तेवढी ती हवी. पाजून झालं की पोर मान वळवून थोरलीचा आवाज कुठून येतो ते शोधायचं. निदान धाकटीला तरी तसं वाटायचं.

लंगोटं वाळत नव्हती तेव्हा तिने माहेरची कोळशाची इस्त्री काढली. शिंप्याचीच लेक, कडा न् कडा फिरवून एकेक लंगोट कोरडं करून तिने घडी घातली. गठ्ठा घेऊन ती स्वतः थोरलीपुढे गेली. मनात होतं, एक तरी शब्द बरा म्हणेल.

थोरलीने एक लंगोट उचललं, गालाला लावलं. दुसरं लावलं. तिसऱ्याशी थांबली. "ह्याची शिवण ओली आहे बघ. जांघेत लागेल त्याला. परत फिरव."

वाईट काही बोलली नव्हती ती. शिवण खरंच ओली होती. पण धाकटीच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की तिने तो सगळा गठ्ठाच परत नेला.

"ताई," ती एकदा म्हणाली, "मला आता बसता येतं. उद्यापासून मी पुसते त्याला."

"नाळ पडू दे गं एकदा," थोरली म्हणाली. तिची नजर पोराच्या कानामागे होती. "ओली आहे अजून. ओढली-बिढली गेली तर? पडली की तुझ्याच हवाली करते. मग घाल अंघोळ हवी तेवढी."

झालं. धाकटीच्या डोक्यात तेवढंच बसलं. नाळ पडली की पोर माझं. ती दिवसातून दहा वेळा लंगोट सरकवून बघायची. नाळेचं टोक काळं पडलं होतं, पण बुडाशी अजून ओलसर, चिकट. बाहेर ओसरीवर कुंड्यांचे कान तसेच ओले, आणि थोरला ओरडत होता, "जोडांवर राख टाका रे, नाहीतर आठवडाभर वाळायचे नाहीत!"

जोड. बेंबी म्हणजे तरी दुसरं काय, जोडच.

नर्सबाईचं बोलणं तिला आठवत नव्हतं असं नाही. चांगलं आठवत होतं. पण नर्सबाई बोलली होती थोरलीशी. आणि तेल नको, पावडर नको असं म्हणाली होती. राख म्हणाली होती का? आगीतून निघालेली वस्तू, तिच्यात घाण कुठून येणार? असं तिने मनाला पटवलं, आणि मनाला तर पटवून घ्यायचंच होतं. थोरली पोराला पुसून, लंगोट बांधून भट्टीकडे गेली, तशी धाकटीने मलमलीतली राख चिमटीत घेतली. चोरून दाराकडे बघितलं आणि बेंबीच्या बुडाशी भुरभुरवली. ओल क्षणात दिसेनाशी झाली. किती दिवसांनी तिच्या हाताला असं यश आलं होतं! तिने वाकून पोराची मूठ नाकाशी धरली आणि हसली.

मग रोजच. थोरलीची पाठ वळली की चिमूटभर.

थोरलीच्या ते ध्यानात आल्याशिवाय कसं राहील? एका सकाळी तिने पुसलेला कपडा उजेडात धरला. "ह्याच्यावर राखाडी कसलं गं? राख आहे की काय?"

 धाकटीचं तोंड तिच्याआधी बोलून गेलं. "ह्या घरात राख कुठे नाही, ताई? हवेतच आहे."

खोटं म्हणावं तर तेही नव्हतं. थोरलीने मान हलवली, आणि मग सुरू झाला तिचा दंगा. दाराला तिने जाड कापड टांगलं. पुरुषांना अंगणातच अडवायला लागली. "कपडे बाहेर झटका! तिकडे, लांब! पोराच्या खोलीत राख घेऊन याल तर जेवण बंद." थोरला बिचारा रोज उंबऱ्याबाहेर उभा राहून डोकं झटकायचा. "माझ्याच घरात मला झटकून घेतात," म्हणायचा. सगळे हसायचे. धाकटीही हसायची.

आणि एके दिवशी ऊन पडलं. अगदी सणसणीत. घरात एकच धांदल उडाली, कुंड्या अंगणात, जळण अंगणात, भट्टी रचायला घेतली. त्या गडबडीत थोरलीचं सकाळचं पुसणं राहून गेलं, म्हातारीने पोराला उन्हात पाय शेकायला म्हणून घेतलं, आणि लंगोट सोडताच तिने नाक मुरडलं.

"वास कसला येतोय ह्याला?"

बेंबीभोवतीची कातडी लाल झाली होती, फुगून चकचकत होती. नाळेच्या बुडाशी खपली धरली होती आणि खपलीच्या कडेने पिवळं पाणी. हात लावला तसं पोर कळवळलं.

"कोण पुसतं ह्याला?" म्हातारी ओरडली, जसं काही तिला माहीतच नव्हतं. थोरली भट्टीत कुंड्या लावता लावता धावत आली, कोपरापर्यंत मातीने भरलेली. म्हातारीने तिच्या त्या हातांकडे बघितलं. "ह्या हातांनी? दिवसभर चिखलात हात घालायचे आणि त्याच हातांनी कोवळ्या पोराची बेंबी चिवडायची? तरी मी म्हणत होते, आईला करू दे आईचं. पण नाही, हिला मिरवायचंय!"

"आई, मी धुते हात," थोरली म्हणाली. "कोपरापर्यंत धुते. हिला विचारा."

सगळ्यांनी धाकटीकडे बघितलं. धाकटीला बोलायला एवढी सोपी जागा मिळाली होती. हो, धुतात. इतकंच बोलायचं होतं. ती पोराकडे बघत राहिली.

"आजपासून हात लावायचा नाहीस त्याला," म्हातारी म्हणाली.

थोरली तशीच उभी राहिली. मग तिने आपले हात उलटे केले, सुलटे केले. दुसऱ्या कोणाचे तरी हात बघावेत तसं बघितलं आणि भट्टीकडे परत गेली. कोनाड्यातल्या बांगड्या संध्याकाळी तिच्या हातात परत आल्या होत्या.

धाकटीला हवं होतं ते मिळालं. पोर तिच्या मांडीवर, दार बंद, मध्ये कोणी नाही. तिने हात धुतले, मनगटापर्यंत, घाईघाईने, कारण पोर रडत होतं. कपडा पिळला. मान धरायला गेली तर मुंडकं मागे पडलं. पुसायला गेली तर पोर आणखीच ओरडलं. तिने राख काढायला बघितली, पण राख आता खपलीत बसली होती, निघेना. तेव्हा मात्र तिने कपडा खाली ठेवला.

दुसऱ्या सकाळी पोराने दूध ओढलं नाही. अंग तापलं होतं आणि रडणं बारीक झालं होतं. भट्टी पेटली होती, पुरुषांना हलता येईना. एका बाजूला जाळ जास्त झाला तर सगळा माल गेला. रोपवाला टेंपो घेऊन कुंड्या कधी निघतात ते बघायला आला होता, त्याच्याच टेंपोत धाकटी पोराला घेऊन बसली. म्हातारीला टेंपोत चढवेना.

"मी येते," थोरली म्हणाली. म्हातारी काही बोलायच्या आत ती मागे चढून बसलीही. सबंध रस्ताभर तिने पोराला हात लावला नाही. खड्डा आला की तिचा हात पुढे यायचा आणि तिथूनच मागे जायचा.

दवाखान्यात नर्सबाईने लंगोट उघडलं आणि तिचा चेहराच बदलला. चिमट्याने खपलीची कड उचलली. "डॉक्टरांना बोलवा," ती आत ओरडली. मग ह्या दोघींकडे वळली. "कोण करतं ह्याचं?"

"मी," थोरली म्हणाली.

"काय लावलंत?"

"काही नाही हो. तुम्ही सांगितलं तसंच, नुसतं कोरडं पुसत होते."

"खोटं बोलू नका. हे काय राखाडी निघतंय? राख आहे ना? कुठली? किती दिवस? पोराच्या रक्तात विष भिनायला वेळ लागत नाही, बाई. एकदाच उडून पडलेली धूळ वेगळी आणि रोज चोळलेली वेगळी. नीट सांगा, म्हणजे आम्हाला कळेल काय करायचं ते."

 थोरली पुन्हा आपल्या हातांकडे बघायला लागली. "माझ्याच हाताला राहिली असेल," ती हळूच म्हणाली. "कुंभाराचे हात. धुते मी, पण असेल राहिली. नखांत असेल. माझंच चुकलं."

ती खोटं बोलत नव्हती. धाकटीने तिच्या तोंडाकडे बघितलं आणि तिला कळलं की हिला ते खरंच वाटतंय. ही बाई आता जन्मभर हे खरं मानून चालेल. आणि अशा वेळी, पोर समोर तापाने फणफणलेलं असताना, धाकटीच्या मनात पहिल्यांदा काय यावं? दया नाही. तीच जुनी जळजळ. हेही हिनेच घ्यायचं? चाक हिचं, थापी हिची, पोराची मान हिच्या हातात, पोराची नजर हिच्या तोंडाकडे. आणि आता मी केलेला गुन्हासुद्धा हिच्याच ओंजळीत? माझं म्हणून ह्या जगात काही म्हणजे काही ठेवणार नाही का ही?

"राख माझी आहे," धाकटी म्हणाली.

आवाज इतका मोठा निघाला की बाकावरची माणसं वळून बघायला लागली.

"मी चाळलेली, मीच टाकलेली. भट्टीतली. रोज टाकत होते, ताईंची पाठ वळली की. नाळ लवकर पडावी म्हणून. ह्यांच्या हाताला काही नव्हतं. ह्या कोपरापर्यंत धुतात. मी बघत होते ना रोज."

एवढं बोलली आणि तिला रडू फुटलं. नर्सबाई पुढे काहीबाही बोलली, चांगलंच झाडलं तिने. पण ते धाकटीला ऐकूच आलं नाही. पोराला आत नेलं. थोरली बाकावर बसली.  जरा वेळाने उठून ती आवारातल्या नळाकडे गेली आणि हात धुवायला लागली. किती वेळ धूत होती कोण जाणे.

पोर वाचलं. बरेच दिवस दवाखान्यात राहिलं, सुया टोचून टोचून त्याच्या इवल्याशा हाताला जागा उरली नाही. पण एका सकाळी त्याने असं दूध ओढलं की धाकटी कळवळून ओरडली आणि ओरडता ओरडता हसली. नाळ तिथेच कधीतरी गळून पडली. ज्या नाळेसाठी तिने एवढं केलं, ती कधी पडली तेसुद्धा तिला कळलं नाही.

घरी परतली तेव्हा पुढच्या भट्टीच्या कुंड्याही भाजून निघाल्या होत्या, टेंपोत चढत होत्या. झाला प्रकार घरात सगळ्यांना कळला होता. नवरा तिच्याशी बोलत नव्हता. म्हातारी थोरलीला चहाचा कप स्वतः नेऊन देत होती. म्हातारीची माफी ती तेवढीच. आणि थोरली? ती कामाला होती. पोराच्या खोलीत मात्र तिने पाय टाकला नाही. दाराला टांगलेलं जाड कापड तेवढं तिने काढून धुऊन परत लावलं होतं.

"ताई, तुम्ही पुसा त्याला," धाकटी एकदा दारातून म्हणाली.

"नाळ पडली ना? मग तुझ्या हवाली. बोलले होते मी तसं," थोरली म्हणाली आणि थापी उचलली.

तेव्हा पोराला पाण्यात बसवून घालायची पहिली अंघोळ धाकटीच्याच वाट्याला आली. खोलीत तिने घंगाळ ठेवलं, पाण्यात बोटं बुडवून बघितलं, ना गरम ना गार. कोरडा कपडा उशाशी ठेवला. पोराला उघडं केलं मात्र, त्याने टाहो फोडला. तिने मान धरली, पाय निसटले. पाय धरले, मान कलंडली. बाहेर ओसरीवर थापीचा आवाज चालू होता, थप थप, थप थप. पोर लालबुंद झालं. मग थाप थांबली.

"मान," कापडाच्या पलीकडून थोरलीचा आवाज आला. "मनगटावर घे मान. बोटं काखेत अडकव."

पोर रडता रडता थबकलं. त्याने आवाजाच्या दिशेने डोळे फिरवले.

धाकटीने ते बघितलं. आतून जळून गेली ती, पहिल्याइतकीच. दवाखान्यात रात्रीचा दिवस तिने केला, त्याला छातीशी धरून ती बसून राहिली, आणि पोर गप्प कोणाच्या आवाजाने होतं? तिने ओठ चावला. पोराने पुन्हा रडायला तोंड वाकडं केलं.

"ताई," ती म्हणाली, "बोला ना अजून काहीतरी."



"काय बोलू?"

"काहीही. तो ऐकतोय."

"हात धुतलेस का ते सांग आधी."

"धुतले."

"साबणाने?"

"साबणाने."

पोर दोघींचे सवालजवाब ऐकत पडलं होतं, मुठी सैल सोडून.

"कोपरापर्यंत?"

धाकटीने आपल्या हातांकडे बघितलं. सकाळपासून ती राख चाळत होती. मनगटाच्या वर, कोपराच्या खळगीत, करड्या रंगाचा पुसटसा पट्टा होता. कापड मध्ये होतं, थोरलीला काही दिसत नव्हतं.

"नाही," ती म्हणाली. "मनगटापर्यंतच."

थापी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग मोरीतलं पाणी वाजलं, साबणाची डबी वाजली, पुन्हा पाणी. मग कोनाड्यात बांगड्या ठेवल्याचा आवाज. कापड बाजूला झालं आणि थोरली आत आली, दोन्ही हात ओले, पुढे धरलेले.

"आण इकडे. आणि जा, धुऊन ये."

धाकटीने पोर तिच्या हातांत दिलं. पोर लगेच तिच्या तोंडाकडे बघायला लागलं. "काय रे मडक्या," थोरली म्हणाली, आणि त्याची मान मनगटावर घेतली.

धाकटी मोरीत गेली. कोपरापर्यंत साबण लावला. कोपराची खळगी घासली, नखं घासली, बोटांच्या बेचक्या घासल्या. आतून थोरलीची बडबड पुन्हा सुरू झालेली ऐकू येत होती, आणि पोराचा रडण्याचा आवाज नव्हता.  धाकटीने हात पाण्याखाली धरले, मग पुन्हा साबण घेतला, आणि जराही घाई न करता दुसऱ्यांदा धुतले.